मुहूर्तापासून उलट मोजत : नाशिक, ठाणे, मुंबई, पुणे

मंगळवार, रात्र

निघण्याच्या आदल्या दिवशी घरात निलगिरीच्या तेलाचा वास असतो. सोजतच्या मेंदीची पावडर सकाळीच लिंबाच्या पाण्यात भिजवली होती, संध्याकाळी साखर आणि तेल घालून फेटली, कापडातून गाळली, आणि मग मी आणि माझी पुतणी रात्री अकरापर्यंत कोन भरत बसलो. साठ कोन, प्रत्येकी पंचवीस ग्रॅम. तीन नवऱ्या, एक डोहाळजेवण आणि मुंबईतला एक संगीताचा कार्यक्रम एवढ्या सगळ्याला ते पुरवायचे होते. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी मात्र ती त्याआधीपासून वापरते, कारण तिचा रंग मला ओळखीचा आहे.

नैसर्गिक मेंदी जिवंत वस्तूसारखी सांभाळावी लागते. कोन फ्रीजरमध्ये महिनोन्महिने टिकतो, बाहेर काढल्यावर दीड-दोन दिवस, आणि तापलेल्या गाडीच्या डिकीत काही तासांतच त्याचा रंग उतरायला लागतो. म्हणून माझ्या सामानात सगळ्यात जड काही असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा. रस्त्यात अडकण्याची मला जी काळजी वाटते ती निम्मी माझ्यासाठी असते आणि निम्मी त्या डब्यासाठी.

वहीत मी वेळ उलटी मांडते. आधी लग्नाचा मुहूर्त. त्याच्या मागे अठ्ठेचाळीस तास, कारण मेंदी खरवडून काढल्याक्षणी तिचा रंग नारिंगी असतो आणि पुरता चढायला दोन दिवस घेतो. त्याच्या मागे मेंदी हातावर ठेवायचे सहा ते आठ तास. त्याच्या मागे नक्षी रेखायचे सहा. त्याच्या मागे वीस मिनिटं नुसतं बसायला, आणि सगळ्यात शेवटी रस्ता. गुगलच्या नकाशावरचा आकडा मी कधीच तसाच लिहीत नाही. त्या वारी, त्या वेळी, त्या दिशेला गर्दी कुठून कुठे जाते हे पाहून लिहिते.

बुधवार : नाशिकरोड ते घोडबंदर

सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस. मनमाडहून येते आणि नाशिकरोडला फलाटावर रोजचे पासवाले आपापल्या डब्यांच्या जागी आधीच उभे असतात. डबा सीटखाली सरकवला आणि घाट येईपर्यंत पुतणीला झोपू दिलं.

या वेळी घरातून सगळ्यांचा आग्रह होता की गाडी करून समृद्धीने जा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला, कसाऱ्याच्या डोंगरातला तो जवळपास आठ किलोमीटरांचा बोगदा मी पाहिला आहे, आणि कौतुकच वाटलं. पण माझी नवरी आमण्याला राहत नाही. तिथून पुढे भिवंडीची गोदामं, त्यांचे कंटेनर, रुंदीकरणाचं काम आणि माजिवड्याचा नाका हे सगळं उरतंच. बोगद्यात वाचवलेला वेळ तिथे परत द्यावा लागतो, आणि किती द्यावा लागेल हे आधी सांगता येत नाही. मला उशीर परवडतो, पण अंदाज न येणं परवडत नाही. पंचवटी दहा मिनिटं उशिरा आली तर आली, तेवढं मी वहीत धरलेलं असतं.

पावणेदहाला ठाणे स्टेशन. तिथून कासारवडवलीपर्यंत अकराएक किलोमीटर, रिक्षाने. घोडबंदर रोडची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे. एकीकडे मेट्रो ४चं काम, दुसरीकडे गायमुख घाट, आणि गुजरातकडे जाणारे ट्रक. तरी सकाळी मी निवांत असते, कारण त्या वेळी कासारवडवलीतली माणसं स्टेशनकडे निघालेली असतात आणि मी त्यांच्या उलट चाललेली असते. संध्याकाळीही तसंच : ती परत येतात तेव्हा मी बाहेर पडते. शहरात काम घेताना मी दिशा विचारून घेते. गिऱ्हाइकाला ‘कुठे राहता’ हे सगळेच विचारतात, पण त्या वेळी रस्ता कोणत्या बाजूला वाहतो हे विचारायला मी पाचएक वर्षं चुकल्यावर शिकले.

रिक्षावाल्या दादांनी विचारलं, “ताई, मागच्या गेटने की पुढच्या?” मी आदल्या दिवशीच नवरीच्या आईकडून गेट, विंग आणि लिफ्ट विचारून ठेवली होती. मोठ्या संकुलात चुकीच्या गेटला उतरलं तर वळसा घालून यायला पंधरा मिनिटं जातात, आणि ती पंधरा मिनिटं नेमकी पावलांच्या मेंदीतून कापली जातात.

पोचल्यावर वीस मिनिटं बसलो. हे कोणाला पटत नाही. चहा आला, पोहे आले, नवरीची आई दोनदा म्हणाली, “सुरू करायचं ना?” पण रिक्षात तासभर हादरे खाल्लेला हात लगेच बारीक रेघ ओढत नाही. जाळी काढताना ते लगेच दिसतं : दोन रेघांमधलं अंतर सारखं राहत नाही. मी बोटं उघडते-मिटते, कागदावर दोन वेली काढते, मग नवरीचा हात हातात घेते.

उजव्या हातावर नथ घातलेली नवरी, डाव्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरा, मनगटाशी पैठणीच्या पदरावरचा मोर आणि वर कोपरापर्यंत वेल. शुक्रवारचं लग्न होतं, म्हणून आज बुधवार. सव्वापाचला पावलं संपली. पुतणीने तोवर दोन करवल्या आणि एका आत्याबाईंचे हात केले. साडेपाचला खाली उतरलो तेव्हा समोरच्या बाजूला दिव्यांची रांग उभी होती, आणि आमच्या बाजूने रिक्षा सुटी पळत होती. कापूरबावडीला मात्र सगळ्या दिशा एकत्र येतात, तिथे वीस मिनिटं गेली. तीही वहीत धरलेली होती.

मुक्काम घाटकोपरला मावसबहिणीकडे. मी मुंबईत नेहमी तिथेच उतरते, प्रेम तर आहेच, पण मध्य रेल्वे आणि मेट्रो १ दोन्ही तिच्या घरापासून चालत आहेत. बर्फाच्या पिशव्या तिच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि झोपलो.

गुरुवार : चकाला, आणि जमिनीखालून गिरगाव

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आदल्या रात्रीच मावसबहीण दादरच्या बाजारातून फुलं घेऊन आली होती, आणि पहाटे तिचा घट मांडून झाला होता. आम्ही कलशाला नमस्कार करून साडेसातला बाहेर पडलो. घाटकोपर मेट्रोला आठनंतर जिन्यापासून गर्दी असते. डबा घेऊन त्या गर्दीत उभं राहणं म्हणजे कोन चेपून घेणं.

८ जून २०१४ला ही घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हा मी कामाला लागून तीनच वर्षं झाली होती. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला बसने जायला किती वेळ लागेल ते देवालाच ठाऊक असायचं. सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटरांच्या त्या मार्गाने माझ्यासारख्या कितीतरी बायकांचे दिवस वाढवले.

चकाल्याला डोहाळजेवण. पहिलटकरणीला फार वेळ मांडी घालून बसवत नाही, म्हणून तळहातावर कमळ आणि बोटांवर छोट्या कळ्या एवढंच, पाऊण तासात. साडेअकराला मोकळ्या झालो. हा दिवस मी मुद्दाम असा बसवला होता : चकाल्याहून दोन स्थानकं मागे मरोळ नाका, तिथे गाडी बदलून ॲक्वा लाइन, आणि थेट गिरगाव.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५मध्ये पुरी सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. अंधेरीचं काम आणि गिरगावचं काम एका दिवशी घेऊ नये हा माझा चौदा वर्षांचा नियम होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. पुतणीला मी सांगत होते, आता आपण विमानतळाखाली आहोत, आता मिठी नदीखाली, आता दादर. वर तेव्हा काय चाललं असेल ते मला पाठ आहे. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४पासून बंद, प्रभादेवीचा शंभरी ओलांडलेला पूल सप्टेंबर २०२५पासून बंद, आणि त्या दोन्हींवरची वाहनं उरलेल्या पुलांवर आलेली. खाली आम्ही गार हवेत बसलो होतो आणि डबाही गार होता. पाऊण तासाच्या आत गिरगाव आलं. फोनला मध्ये नेटवर्क नव्हतं, म्हणून मरोळलाच नवरीच्या भावाला ‘पाऊण वाजता पोचते’ असं लिहून ठेवलं होतं.

गिरगावातली चाळ, लाकडी जिना, दुसरा मजला. सामायिक गॅलरीत चटया घातल्या होत्या, कारण खोलीत एवढ्या बायका मावणार नव्हत्या. आणि इथे वेगळीच वेळ सांभाळायची होती. चाळीतल्या निम्म्या सुवासिनींचा उपास, संध्याकाळी कहाणी वाचायची, नैवेद्य दाखवायचा. मेंदी लावून बसलेल्या हातांनी हे होणार नाही. नवरीच्या काकू संकोचत म्हणाल्या, “ताई, आम्हाला आरतीनंतरच जमेल हो, थांबाल का?” मी आधीच तसं धरून आले होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी काम घेतलं की आठ वाजेपर्यंत थांबायचं, आणि त्या वेळेपर्यंत लोकलही जरा सैलावते.

दुपारभर नवरीचे हात. तिला दारातलं तुळशीवृंदावन हवं होतं आणि चाळीची कमान. कमान मी खाली जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणली, मग काढली.

संध्याकाळी आरती झाली आणि सगळ्यात आधी नवरीची आजी येऊन बसली. वय नव्वदीच्या घरात. म्हणाली, “मला ते तुमचं जाळीबिळी नको. तळव्यावर वाटोळं भर आणि बोटांची टोकं रंगव. आम्ही पाट्यावर पाला वाटून तसंच लावायचो.” मी कोनाचं तोंड जरा मोठं कापलं आणि तळव्याच्या मधोमध भरीव चंद्र काढला, भोवती ठिपके, बोटांना टोप्या. तिची कातडी इतकी पातळ होती की हात धरताना मी अंगठ्याचा दाब कमी केला. चंद्र भरून झाल्यावर तिने हात दिव्याजवळ नेला आणि बराच वेळ वासच घेत राहिली. त्या दिवशीचं माझं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मन लावून केलेलं काम तेच.

शुक्रवार : दादर टी. टी.

शुक्रवारचं काम प्रभादेवीला, संगीताचा कार्यक्रम, पन्नास पाहुण्या. पाच ते दहा अशी वेळ. आम्ही दोघी, प्रत्येक पाहुणीचा एक हात, बारा मिनिटं. पाच तासांत माझ्या पंचवीस आणि पुतणीच्या पंचवीस, म्हणजे हिशेब अगदी काठोकाठ.

मी मेट्रोनेच जाणार होते, सिद्धिविनायक स्थानकापासून ती जागा चालत आहे. पण कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी सांगितलं की बसायच्या चौरंग्या आणि सजावटीचं सामान बरोबर न्यायचं आहे, गाडी साडेतीनला घाटकोपरला येईल, तिच्यातूनच या. मी दोनदा म्हटलं की सामान गाडीने जाऊ दे, आम्ही वेगळ्या येतो. नाही म्हणाले. गाडी सव्वाचारला आली.

सायनपर्यंत ठीक होतं. त्यापुढे माटुंग्यापासून गाड्या एकमेकींना चिकटल्या. शुक्रवारची संध्याकाळ, लग्नसराई, आणि पलीकडे प्रभादेवीचा पूल बंद असल्यामुळे पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी सगळी रहदारी दादरच्या टिळक पुलाकडे वळलेली. दादर टी. टी.च्या चौकात पाच वाजले तेव्हा आम्ही हललोही नव्हतो. ऊन बाजूच्या काचेतून थेट डब्यावर येत होतं. मी ओढणी घडी करून त्यावर घातली. ड्रायव्हरदादा बिचारे माफी मागत होते, त्यांचा काही दोष नव्हता.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी पुतणीला म्हटलं, “उतर.” सामान गाडीत ठेवलं, डबा एका बाजूने तिने धरला, दुसऱ्या बाजूने मी, आणि टिळक पूल चालत ओलांडला. पुलावरच्या गाड्या तिथेच होत्या. पश्चिमेला उतरून दादर मेट्रो गाठली आणि एक स्थानक पुढे सिद्धिविनायकला बाहेर आलो. सहाला दहा कमी असताना सभागृहात पाऊल ठेवलं.

पन्नास मिनिटं गेली होती. बारा मिनिटांना एक, अशा दोघींच्या मिळून आठ बायका त्या पन्नास मिनिटांत बसतात. पहिल्याच पाहुणीच्या हातावर माझी वेल थरथरली. वीस मिनिटं बसायला वेळ नव्हता, डबा उचलून चाललेली बोटं ताठरली होती. मी नक्षी सोपी केली : जाळी वगळली, मोठी पानं घेतली. लोकांना ती आवडली, दोघींनी कौतुकही केलं. पण मी कुठे काय गाळलं हे मला दिसत होतं, आणि ते दिसत असताना हसून ‘आवडली ना?’ विचारणं मला जड गेलं. वरचे कोन ऊन लागल्याने पातळ झाले होते. ते सहा कोन मी बाजूला काढले आणि वापरले नाहीत. कमी रंगाची मेंदी देण्यापेक्षा कमी हात केलेले बरे.

दहाला बत्तिसेक जणी झाल्या होत्या आणि काही जणी उशीर होतोय म्हणून तशाच जेवायला गेल्या. मला साडेदहापर्यंत थांबू देतात का विचारलं, त्यांनी मान्य केलं. शेवटी ताटं उचलणाऱ्या मुलींपैकी एक लांबून बघत उभी होती. तिला हाक मारली. तिने हात पुसला, म्हणाली, “ताई, उद्या भांडी आहेत, टिकेल का?” मी सांगितलं, रात्रभर ठेव, सकाळी पाण्याने धुऊ नकोस, खरवडून काढ आणि खोबरेल लाव. तिच्या हातावर मी जाळी काढली. त्या दिवशीची ती एकच जाळी.

मावसबहिणीकडे पोचेपर्यंत बारा. वहीत लिहून ठेवलं : दुसऱ्याची गाडी घ्यायची नाही. पुढच्या वेळी ही अट काम ठरवतानाच सांगणार.

शनिवार : घाट, मग कोथरूड

दादरहून सातच्या आत इंटरसिटी. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गाचं नाव मी काढत नाही. मुंबईची निम्मी माणसं लोणावळ्याला निघालेली असतात, आणि खंडाळ्याच्या घाटात ट्रक, बस आणि मोटारी एकाच चढाला लागतात. तो चढ टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव जो नवा रस्ता बांधतायत, त्याचं काम अजून चालूच होतं. रेल्वेला मात्र कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात आणि ती गाडीला घाटावर ढकलतात. पुतणीने वडापाव घेतला, मी चहा. घाटात मोबाइल बाजूला ठेवून दोघी नुसत्या बाहेर बघत होतो.

पुण्यात स्टेशनच्या बाहेर पडून मेट्रोचा जिना, आणि वनाझकडे जाणारी गाडी थेट आयडियल कॉलनीला सोडते. मार्च २०२४मध्ये वनाझ ते रामवाडी हा पूर्ण मार्ग चालू झाला. पूर्वी कर्वे रोड आणि पौड रोड यांचा विचार करूनच मी पुण्याच्या कामाला तासभर जास्त धरायची.

नवरीच्या घरी साडेदहाला पोचलो. लग्न सोमवारी, म्हात्रे पुलापासच्या डी. पी. रोडवरच्या एका कार्यालयात. त्या रस्त्यावर कार्यालयं आणि लॉन्स एकाला एक लागून आहेत, आणि एका संध्याकाळी चार वराती निघाल्या की गाडीपेक्षा चालणारा पुढे जातो. नवरीच्या वडिलांना मी सांगितलं, नवरीला मुहूर्ताच्या तीन तास आधी तिथे पोचवा, आणि करवल्यांना दोन गाड्यांत विभागू नका. त्यांनी लगेच डायरीत टिपून घेतलं. हे माझं काम नाही, पण इतक्या कार्यालयांच्या दारात उभी राहिले आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवशी हाताने पुरती साथ दिली. हत्ती, पालखी, मधे गणपती, आणि दोन्ही तळवे जोडले की पुरं होणारं एक कमळ. शुक्रवारचं सगळं मनातून उतरलं. रात्री साखर-लिंबू लावलं, तव्यावर लवंगा टाकून धुरी दिली. आम्ही जेवायला बसलो तर नवरीची मैत्रीण हिंजवडीहून धापा टाकत आली, शनिवारीही ऑफिस होतं म्हणाली, आणि चांदणी चौकात अडकली होती. १२ ऑगस्ट २०२३ला तिथला नवा पूल सुरू झाल्यापासून खूप फरक पडला आहे, पण महामार्गावर एक ट्रक बंद पडला की मागचं सगळं थांबतं. तिचे डोळे भरून आले होते, तिला वाटलं मी आवरलं. मी ताट बाजूला ठेवलं आणि कोन काढला.

रविवार : वाकडेवाडीहून घरी

पहाटेची एसटी, वाकडेवाडीहून. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि या धंद्यातल्या मुलींना त्याने किती हात दिला हे मी रोज पाहते. पुणे ते नाशिक थेट रेल्वेमार्ग नाही, त्यामुळे चाकण चुकत नाही. म्हणून रविवार आणि म्हणून पहाट : कारखान्यांच्या बस नसतात, कंटेनर कमी असतात, तळेगाव चौक एका सिग्नलमध्ये सुटला. नारायणगाव, संगमनेर, मग सिन्नर.

संगमनेरच्या पुढे ठाण्याच्या नवरीचा फोटो आला. हिरवा चुडा आणि त्याच्या खाली काळसर तपकिरी झालेला मोर. मी तो मोठा करून नथीची रेघ पाहिली. सरळ होती.

आणि मग स्वतःच्या गावात, द्वारका चौकात, आमची बस पंचवीस मिनिटं उभी राहिली. सिंहस्थाच्या तयारीसाठी नाशिकमध्ये ठिकठिकाणी रस्ते उकरलेले होते, त्यात रविवार आणि लग्नाची तिथी. पुतणी खिडकीला डोकं टेकून म्हणाली, “काकू, मंगळवारचं तर इथलंच आहे ना, संभाजीनगर रोडच्या लॉन्सवर? दहाला निघालं तरी चालेल.”

मी वही काढली. मुहूर्त लिहिला, त्याच्या मागे सगळं लिहीत गेले, आणि द्वारका चौकापुढे थांबून एक तास वाढवला.

“साडेसात,” मी म्हटलं. “आणि डबा आजच रात्री धुऊन ठेव.”